एकट्याने बाहेर पडणंच महाग

कट्टर धार्मिक कुटुंबच्या कुटुंब आपला पंथ सोडतं म्हटलं की लोकांना शंका येते, 'एवढं कट्टर घर एकदम कसं फिरेल? फार तर एखादा बंडखोर निघतो.' मॉर्मन लोकांत (अमेरिकेत उगम पावलेला, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा पंथ) मला उलटं वाटतं: तिथे एकट्याने निघणंच जास्त अवघड. त्यांच्या श्रद्धेनुसार टेंपलमध्ये, म्हणजे त्यांच्या खास पवित्र मंदिरात, लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं, आईबाप आणि मुलं कायमची बांधलेली. नवऱ्याची श्रद्धा उडाली की बायकोचा परलोकातला संसारच मोडतो! शिवाय टेंपलमध्ये शिरायच्या परवान्यासाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा. परवाना नसेल तर पोटच्या पोरीचं तिथलं लग्नही बाहेर बसून. म्हणून शंका आलेला माणूस आधी महिनोन् महिने गप्प राहतो, मग एका रात्री मुलं झोपल्यावर, ज्यामुळे शंका आली ते जोडीदारालाही वाचायला देतो.

त्यासाठी विरोधकांची पत्रकंही लागत नाहीत. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथच्या अनेक बायका होत्या, त्यांतल्या एकीला पंधरावं वर्षही पूर्ण नव्हतं, हे २०१४ मध्ये चर्चनेच आपल्या संकेतस्थळावर मान्य केलं. पिढ्यान् पिढ्या रविवारच्या वर्गात यातलं फारसं काही कानावर पडलेलं नसतं. राग बायकांच्या संख्येचा कमी, लपवाछपवीचा जास्त.

(कॉफीबरोबर चहाही वर्ज्य असतो त्यांच्यात. मी तर पहिल्या आठवड्यातच बाहेर पडलो असतो.)