मुंबईत दोन दिवस नुसतं बसून खाल्लं-प्यालं, चुकलं का?

केळीवाला_जळगाव
गेल्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे मुंबईला जाऊन आलो. शुक्रवारी रात्री जळगावहून गाडीत बसलो, पहाटे सीएसएमटी. गेटवे नाही, राणीची बाग नाही, जुहू नाही. सकाळी धोबी तलावला १९०४ पासूनचं कयानी हे इराणी हॉटेल, दुपारी बॅलार्ड पियरला ब्रिटानियात बेरी पुलाव, संध्याकाळी कुलाब्याचं लिओपोल्ड, म्हणजे कॅफे-बार. रविवारीही असंच. घरी आल्यावर मोठ्या भावाने विचारलं, काय पाहिलं? म्हटलं, काही नाही, बसलो. तो म्हणे, बसायला एवढ्या लांब कशाला, आपला ओटा काय वाईट?

मला वाटतं, शहर टेबलावरूनच नीट दिसतं. कयानीत ब्रुन मस्का मागवला. ब्रुन म्हणजे कडक पाव, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एका चहावर अख्खा पेपर वाचत होते. त्यांना कोणी उठवलं नाही. हे कुठल्या पॉइंटवर दिसणार होतं?

भुसावळ_प्लॅटफॉर्म
खर्च किती झाला ते मात्र शिताफीने गाळलंत. त्या पैशात डिसेंबरात मळ्यावर पन्नास माणसांची भरीत पार्टी होते. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, पातीचा कांदा, मिरची, शेंगदाणे, सोबत कळण्याची पुरी. आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि तुम्ही पाव चहात बुडवायला चारशे किलोमीटर गेलात. पाव काय भुसावळला मिळत नाही?

केळीवाला_जळगाव
खाण्यापिण्याचे चौघांचे ९,४०० झाले, त्यातला निम्मा खर्च बारचा. लपवायचं काय त्यात? उलट एक कामाचं सांगतो. फोर्टातल्या एका बारने (नाव घेत नाही) बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपसूक लावला होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो असा लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच धरलं. मॅनेजरला म्हटलं, काढा. तोंड वाकडं केलं, पण काढला. बाकी जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, दारू जीएसटीत येतच नाही. तिच्यावर वेगळा व्हॅट, तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. म्हणून बिल नीट वाचायचं, पहिल्या पेगाच्या आधी वाचता आलं तर उत्तमच.

धुळे_आग्रारोड
भाऊ, बठ्ठं खरं से, पन बिल कोन भरी? धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर गाठा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं असलेला सराफा रात्री खाऊगल्ली होतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबी. व्हॅट नाही, मॅनेजर नाही.

नंदुरबारी
आम्हाला सुरत जवळ. तिथला ढोकळ्यासारखा लोचो खावा आणि गुपचूप परत यावं. बारचा तर प्रश्नच नाही, दारूबंदी आहे. खिसा आपोआप वाचतो.

अमळनेरची_लेक
तुमचा सगळा वाद पैशाचा, माझा खुर्चीचा आहे. आमच्याकडे बाई एकटी कुठे बसणार? स्टँडवरच्या टपरीशी चहाला थांबलं तरी अर्धा स्टँड वळून बघतो. हायवेच्या हॉटेलात 'फॅमिली रूम' असते. मागच्या बाजूला, मळकट पडदा, मोरीचा वास, कूलर बंद. पुढची पंख्याखालची टेबलं पुरुषांची, आणि त्यावर 'परमिट रूम'ची चकचकीत पाटी.

वर्षातून दोनदा पुण्याला बहिणीकडे जाते, तेव्हा एक दुपार कोथरूडच्या कॅफेत काढते. दोनशेची कॉफी, दीड तास पुस्तक. कॉफी गार होते, होऊ दे. ते दोनशे मी खुर्चीचं भाडं समजते. रात्री सराफ्यात उभ्याने खाण्यात मजा असेल, पण दिवसभर उभीच तर असते मी.

भुसावळ_प्लॅटफॉर्म
ताई, हे पटलं. पण आता जळगावातही कॅफे झालेत की.

अमळनेरची_लेक
झालेत. गेले होते एकदा मैत्रिणीबरोबर. आमचं बिल यायच्या आत मावसभावाचा घरी फोन गेला होता.

भुसावळ_प्लॅटफॉर्म
😐 माझं भरताचं मत कायम, पण ते पन्नास माणसांचं म्हणालो ना, त्यात वांगी ठेचायला आणि पुऱ्या तळायला बायका धरल्या नव्हत्या. धरायला हव्या होत्या.

अमळनेरची_लेक
केळीवाले दादा, तुम्ही चौघे म्हणजे चौघेही पुरुषच ना? वहिनींना नेलंत का?

केळीवाला_जळगाव
नाही नेलं. तेव्हा डोक्यातच आलं नाही. पुढच्या खेपेला तिला कयानीत नेईन म्हणतो, तिथे घरगुती वातावरण आहे. लिओपोल्ड काही तिला आवडायचं नाही.

अमळनेरची_लेक
विचारलंत तिला?

केळीवाला_जळगाव
आता विचारलं. ती विचारतेय, तिथे उघडं किती वाजेपर्यंत असतं.