टर्बो पेट्रोल, जोर दिला की झटके, कोड पी ००८७: हाय प्रेशर पंप बदलण्याआधी काय तपासू?

तिसरा_गियर
मंडळी, सल्ला हवाय. गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). कंपनीतून आली तशीच आहे, रिमॅप वगैरे काही नाही. शांतपणे चालवली तर काही तक्रार नाही. पण तिसऱ्या गियरमध्ये ३००० आरपीएमच्या पुढे पाय पूर्ण दाबला की आधी गाडी मान टाकते, मग धडाधड झटके, आणि दिवा लागून लिंप मोड (इंजिन वाचवायला ताकद कमी केलेली). बंद करून चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. स्कॅनरवर पी ००८७, म्हणजे फ्युएल रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर कमी. त्याच्यासोबत पी ०२९९ पण येतो, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) कमी. प्लग आणि कॉइल नवीन आहेत. मेकॅनिक म्हणतो हाय प्रेशर पंप गेला, बदलून टाकू. पार्ट महागाचा आहे आणि ‘बदलून बघू’ या भाषेवर माझा विश्वास नाही. खात्री कशी करायची?

डिझेलप्रेमी
पी ०२९९ आलाय ना? मग इंटरकूलरचे पाइप बघा आधी. क्लॅम्प ढिला असणार. टर्बो गाड्यांत दहापैकी आठ वेळा तेच निघतं.

पाना_अकरा
टाकी भरलेली असताना पण होतं का, की पाव टाकी उरल्यावर जास्त?

तिसरा_गियर
भरलेली असताना पण होतं. कमी असताना थोडं लवकर होतं असं वाटतं, पण छातीठोकपणे नाही सांगू शकत.

लॉगबुक
डिझेलप्रेमी, इथे तसं वाटत नाही. पाइप फुटला तर बूस्ट पडेल, पण त्याने रेलचं प्रेशर का पडावं? उलट एअर फ्लो सेन्सरच्या पुढे गळती असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इथे उलटा क्रम जास्त पटतो: रेलचं प्रेशर पडलं, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) इंजिन वाचवायला थ्रॉटल मिटलं, बूस्ट कापलं, म्हणून पी ०२९९ मागून आला. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची स्कॅनरमधली नोंद) उघडून बघा, कुठला कोड आधी नोंदला गेलाय.

आता मूळ प्रश्न. या गाड्यांत दोन पंप असतात. टाकीतला इलेक्ट्रिक पंप साधारण ४ ते ६ बारने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनवरचा, कॅमवर चालणारा पंप तेच आयडलला ५० बारच्या आसपास आणि जोरात २०० बार किंवा त्याहून वर नेतो. पी ००८७ फक्त रेलमध्ये प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो, दोष कुठल्या पंपाचा ते सांगत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोड वाचून थेट वरचा पंप बदलणारे नेमकं हेच विसरतात.

त्यामुळे लॉग घ्या, म्हणजे गाडी चालवताना स्कॅनरवर आकडे नोंदवा. रेलचं मागितलेलं प्रेशर, रेलचं प्रत्यक्ष प्रेशर, लो साइडचं (टाकीतल्या पंपाकडून येणारं) प्रेशर, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या वर म्हणजे पेट्रोल कमी) आणि आरपीएम. बस. साध्या ओबीडी अडॅप्टरवर वीस गोष्टी निवडल्या तर प्रत्येकीची नोंद इतकी सावकाश होते की प्रेशर पडलेला क्षण मधल्या मध्ये हरवतो. मोकळा रस्ता, तिसरा गियर, २००० पासून पाय पूर्ण खाली, आणि स्क्रीन बघायला शेजारी दुसरा माणूस. लॅम्डा १ च्या वर जाताना दिसला की पाय उचला, लॉग पूर्ण करण्याचा हट्ट नको. पूर्ण बूस्टमध्ये पेट्रोल इंजिनला साधारण १२ च्या आसपास एअर-फ्युएल रेशो लागतो. तिथे लीन चाललं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं), आणि पिस्टन वितळायला वेळ लागत नाही.

मग बघायचं काय? लो साइड आधी खाली आली आणि तिच्यामागून रेल पडली, तर दुखणं टाकीच्या बाजूला: जाळी, फिल्टर, पंप, वायरिंग, पंपाचा कंट्रोल मॉड्यूल. लो साइड ठाम आणि फक्त रेल पडली, तर वरचा पंप किंवा त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह. काही इंजिनांत कॅम आणि पंपाच्या मध्ये फॉलोअर असतो, तो घासला की पंपाचा स्ट्रोकच कमी होतो. नवा पंप बसवण्याआधी तो काढून बघाच. दोन्ही प्रेशर जागेवर आणि तरी लीन, तर इंजेक्टर किंवा एअर फ्लो सेन्सर.

पाना_अकरा
फ्युएल ट्रिम पण बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय (प्लस) किंवा कमी करतोय. आयडलला ट्रिम खूप प्लस आणि वेग वाढवल्यावर कमी, तर कुठेतरी हवा खेचतेय. आयडलला ठीक आणि लोडवर वाढत जातो, तर पेट्रोल कमी पडतंय. पण मळलेला एअर फ्लो सेन्सरही हुबेहूब असंच चित्र दाखवतो, म्हणून नुसत्या ट्रिमवर निकाल देऊ नका.

लो साइडला सेन्सर नसेल तर टी लावून साधा गेज जोडावा लागेल. पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, मग फडकं धरून जोड सोडायचा. गरम इंजिनवर नाही, आणि अग्निशामक हाताशी. हाय प्रेशरची नळी मात्र कुणीही हौसेने सोडायची नाही. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते.

जुनं_ते_सोनं
मध्येच घुसतोय. माझी जुनी टर्बो आहे, पोर्ट इंजेक्शनवाली (पेट्रोल सिलिंडरच्या आधी हवेच्या वाटेत). जोरात लीन होते. मला यातलं काय लागू?

लॉगबुक
तुमच्याकडे बहुतेक बूस्ट रेफरन्सवाला रेग्युलेटर असेल, म्हणजे बूस्ट वाढेल तसं पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा. त्याची रबरी नळी काढून आयडलला बेस प्रेशर बघा, समजा ३ बार आलं. मग १ बार बूस्टला गेजवर ४ दिसायला हवं, तरच इंजेक्टरच्या दोन बाजूंतला फरक ३ बारचा राहतो. नळी तडकलेली असेल तर गेज ३ वरच अडकतो, फरक उरतो २, आणि तेवढ्याच वेळ उघडलेल्या इंजेक्टरमधून सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल जातं. गेज बघणाऱ्याला वाटतं प्रेशर तर स्थिर आहे, छान! नळीत पेट्रोलचा वास किंवा ओल आली तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. बाकी प्रश्नांसाठी वेगळा धागा काढा, इथे दोन गाड्यांची खिचडी होईल.

तिसरा_गियर
लॉग मिळाला. फ्रीझ फ्रेममध्ये पी ००८७ आधी आहे. आयडलला लो साइड ५.१ बार. जोर दिल्यावर ती उतरत उतरत ३ च्या खाली, आणि त्यानंतर रेल: मागणी १८० ची, मिळाले ९५. लॅम्डा वर जायला लागला तसा पाय काढला. म्हणजे टाकीतला पंप गेला?

लॉगबुक
टाकीची बाजू नक्की, पंपच असं अजून नाही. त्याला वीज पूर्ण पोचतेय का ते आधी बघा. कनेक्टर काढून मीटर लावलात तर १२ व्होल्ट दिसतील आणि फसाल, कारण करंट वाहतच नाही. कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून बारीक पिन घालून, पंप चालू असताना मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला. मग तसंच अर्थच्या बाजूला. प्रत्येकी अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मात्र पंपाला मॉड्यूल असेल तर तो वीज तुकड्यातुकड्यांत सोडतो आणि मीटर सरासरी दाखवतो. अशा वेळी स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टने पंप पूर्ण वेगाने चालवा आणि मगच मोजा.

डिझेलप्रेमी
माझा क्लॅम्प मागे घेतो. पण फिल्टर कधी बदलला होता ते पण सांगा की राव.

तिसरा_गियर
फिल्टर मागच्या सर्व्हिसला बदललाय. मॉड्यूल आहे, त्यामुळे टेस्ट मोडमध्येच मोजलं. अर्थची बाजू ठीक. प्लसच्या बाजूला २.३ व्होल्ट गायब! मागची सीट उचलून टाकीच्या झाकणावरचा कनेक्टर काढला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलंय, पिनही काळी. नवा कनेक्टर वायरच्या तुकड्यासकट मिळतोय.

पाना_अकरा
घ्या, पण झाकणाच्या बाजूची पिन पण बघा. ती भाजली असेल तर नवा कनेक्टरही लवकरच भाजेल. आणि जोड नीट क्रिंप करा, नुसतं पिळून टेप नको, खाली पेट्रोलची टाकी आहे.

लॉगबुक
एक काम राहिलं. पिन ढिली होती म्हणून तापली, की पंप जास्त करंट ओढतोय म्हणून? कनेक्टर बदलल्यावर क्लॅम्प मीटरने पंपाचा करंट मोजा आणि तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. करंट जास्त आला तर पंप थकलाय किंवा पुढे कुठे तुंबलंय, मग टाकीतला पंप काढून जाळीसकट बघावा लागेल. करंट ठीक असेल तर तिसऱ्या गियरचा तोच लॉग पुन्हा घ्या आणि इथे टाका. वरच्या पंपाची ऑर्डर तोवर थांबवा.