मदत हवी आहे : ‘पाऊस पडला असता तर’चं इंग्रजी करताना मुलं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात

यावलचा मास्तर
दहावीच्या वह्यांत या तीन चुका हटत नाहीत.
‘इफ इट विल रेन टुमारो, वी विल सो कॉटन.’
‘इफ यू केम टुमारो, आय विल गिव्ह यू द बुक.’
‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.’
‘इफ’च्या वाक्यांचे झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार प्रकार, हा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ. वाक्य करायला दिलं की पुन्हा हेच. अडतंय कुठे?

तापीकाठ
सर, मुलं मराठीशी इमान राखतायत. ‘उद्या आलास तर पुस्तक देईन’ यात काम उद्याचं, पण रूप ‘आलास’. म्हणून ‘केम’. ‘पडला असता तर वाचलं असतं’ यात दोन्हीकडे ‘असता’, म्हणून दोन्हीकडे ‘वुड हॅव’. इंग्रजीत तशी जोडी जमत नाही. ‘विल’ आणि ‘वुड’ राहतात ‘तर’नंतरच्या भागात, ‘इफ’च्या भागात काळ एक पायरी मागे सरकतो.

तक्त्याआधी दोनच प्रश्न विचारायला लावा: अजून घडू शकतं का? नसेल, तर गोष्ट आजची की होऊन गेलेली?
घडू शकतं: ‘इफ इट रेन्स, वी विल सो.’
आजची, पण नुसती कल्पना: ‘इफ आय हॅड अ वेल, आय वुड प्लांट बनानाज.’
होऊन गेली: ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.’

खरी गोची मधल्या प्रकारात. ‘विहीर असती तर केळी लावली असती’ हे आपण आजबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षाबद्दलही. मराठीत रूप तेच, त्यामुळे ‘असती’ दिसली की ‘वुड हॅव’ हा नियम मुलांना अजिबात देऊ नका. ‘कधी?’ विचारल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

भुसावळ जंक्शन
थोडी भर. दुसऱ्या वाक्यातला ‘केम’ मुळात चूक नाही, चूक पुढचा ‘विल’ आहे. ‘इफ यू केम टुमारो, आय वुड गिव्ह यू द बुक’ हे शुद्धच. फक्त तो येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही. लाल शाई योग्य शब्दावर मारा.

दोन भागांचे काळ वेगळेही असतात. ‘गेल्या वर्षी गिरणा धरण भरलं असतं तर आज पाटाला पाणी असतं’: ‘इफ द गिरणा डॅम हॅड फिल्ड लास्ट इयर, देअर वुड बी वॉटर इन द कॅनल नाउ.’ तक्ता पाठ केलेलं पोर इथे हमखास ‘वुड हॅव बीन’ लिहितं.

‘इफ’मध्ये ‘विल’ कधीच नाही, असंही शिकवू नका. विनंतीत चालतो: ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम.’ आणि ‘अनलेस’मध्ये नकार आधीच असतो, पुढे ‘डोन्ट’ लावला की अर्थ उलटतो.

यावलचा मास्तर
‘कधी?’ उद्याच फळ्यावर लिहितो. एक राहिलं: ‘आय’ड’ म्हणजे ‘हॅड’ की ‘वुड’?

तापीकाठ
पुढचं क्रियापद बघा. ‘आय’ड सीन’ म्हणजे ‘हॅड’, ‘आय’ड सी’ म्हणजे ‘वुड’. ‘पुट’, ‘कट’सारख्यांची रूपं बदलत नाहीत, तिथे ‘इफ’च्या भागात असेल तर ‘हॅड’ धरा.