तेलविहिरीतलं 'स्केल' : गाळ, खवले की कीटण?

प्रश्न : तेल उत्पादनावरचा एक लेख मराठीत आणतोय. नळ्यांमध्ये जमणाऱ्या 'स्केल'ला कोशात खवले आणि मोजपट्टी एवढंच मिळालं. 'गाळ' चालेल का?

उत्तर : गाळ नको. गाळ तळाशी बसतो, ढवळला की उठतो. स्केल म्हणजे तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक. ते नळीच्या भिंतीलाच धरतात. कापलेल्या नळीत एकात एक वलयं दिसतात आणि मधे कसंबसं बोट जाईल एवढं भोक. दातांवर चढतं त्याला आपण कीटण म्हणतो, तेच इथे शोभतं.

दुसरं उत्तर : कीटण छान, पण साइटवर 'लाइनला स्केल धरलंय' असंच बोलतात. पहिल्यांदा 'क्षारांचं कीटण (स्केल)' लिहा, पुढे नुसतं स्केल. हिंदी मजकूर समोर असेल तर जपून : तिकडे क्षार म्हणजे अल्कली, आपल्याकडे इथे क्षार म्हणजे सॉल्ट.

आणि कोणतं स्केल ते लेखात सांगाच. विहिरीत दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसतं. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फसफसून विरघळतं. बेरियम सल्फेट त्या आम्लाला दाद देत नाही. खडकातल्या पाण्यात बेरियम असतं. तेल ढकलायला समुद्राचं पाणी सोडलं की त्यातल्या सल्फेटशी त्याची गाठ पडते आणि बेरियम सल्फेट बसतं. उत्तर समुद्रातल्या मिलर तेलक्षेत्रात स्केलमुळे एक विहीर दिवसाला ३०,००० पिंपांवरून २४ तासांत शून्यावर आली होती. म्हणून काही ठिकाणी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट पडद्यांतून गाळून मगच ते आत सोडतात.

प्रश्नकर्ता : मग 'इन्हिबिटर' म्हणजे क्षारनाशक ना?

उत्तर : अजिबात नाही! तो काहीच नष्ट करत नाही. फॉस्फोनेटसारखी रसायनं स्फटिकाच्या वाढत्या टोकांना चिकटून वाढ रोखतात, तीही दशलक्ष भागांत मोजक्या भागांनी. 'स्केलरोधक' म्हणा. जमलेलं काढतो तो 'विद्रावक'.

प्रश्नकर्ता : आणि 'स्क्वीझ'? मी 'पिळणे' लिहिलंय.

उत्तर : खोडा ते. विहीर थांबवून स्केलरोधक दाबाने खडकात भरतात, तो खडकाला धरून राहतो आणि उत्पादन सुरू झालं की पाण्याबरोबर थोडाथोडा परत येतो. 'खडकात रोधक भरणे' लिहिलंत तरी पुरे.