नर्स-रुग्ण प्रमाण कायद्यात आणायचं आहे : मसुद्यात नेमकं काय लिहावं?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, हे परिपत्रकात नको, कायद्यातच हवं, असं आमच्या संघटनेत ठरलं आहे. एक लोकप्रतिनिधी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) मांडायला तयार आहेत. त्यांनी दोन पानी टिपण आणि कलमांचा कच्चा मसुदा मागितला आहे.

अडलेल्या गोष्टी अशा : कायद्यात थेट आकडा घालावा की मनुष्यबळ ठरवण्याची पद्धत? कोणत्या शब्दांतून पळवाटा निघतात? पुरावा म्हणून काय जोडावं? जिथे असे कायदे झाले तिथे काय चाललं आणि काय फसलं, हे माहीत असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

कलम_पोटकलम

ताई, आकड्यावरून भांडण होणारच आहे, पण कायदा पोकळ होतो तो आकड्याच्या आजूबाजूच्या शब्दांमुळे. म्हणून आधी ते शब्द.

सगळ्यात पहिलं, आकडा कुठे लिहिणार? मूळ कायद्यात, की सरकार नंतर करणार असलेल्या नियमांत? कॅलिफोर्नियात १९९९ साली कायदा झाला, पण त्यात बहुतेक वॉर्डांचे आकडे नव्हते. ते ठरवण्याचं काम आरोग्य खात्याकडे दिलं होतं. प्रत्यक्ष अंमल १ जानेवारी २००४ ला सुरू झाला. मेडिकल-सर्जिकल वॉर्डासाठी आधी १:६ (एका नर्समागे सहा रुग्ण) आणि २००५ पासून १:५ असं ठरलं होतं. पण २००४ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरच्या प्रशासनाने तातडीचे नियम काढून १:५ चा टप्पा पुढे ढकलला. आकडा नियमांत होता म्हणूनच त्यांना ते सभागृहात न जाता करता आलं. नर्सेसच्या संघटनेने रस्त्यावर आणि कोर्टात दोन्हीकडे लढून २००५ मध्ये तो निर्णय फिरवला. तेव्हा किमान आकड्यांचं परिशिष्ट मूळ कायद्यालाच जोडा, आणि नियमांना ते फक्त सुधारण्याची मुभा द्या, सैल करण्याची नको.

आता पळवाटा.

सरासरी. २४ खाटांचा भरलेला वॉर्ड, प्रमाण १:४, म्हणजे दर पाळीला ६ नर्स. व्यवस्थापन सकाळी ८, दुपारी ६ आणि रात्री ४ लावतं. दिवसाची सरासरी बरोबर ६, कागद स्वच्छ. रात्री मात्र एकेकीकडे ६ रुग्ण. म्हणून मसुद्यात "कोणत्याही वेळी, कोणत्याही एका नर्सकडे सोपवलेल्या रुग्णांची संख्या" असं लिहा. "दर पाळीला", "दिवसाला", "सरासरी" हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. कॅलिफोर्नियातल्या नियमांचं बळ याच "कोणत्याही वेळी" मध्ये आहे. जेवणाची सुट्टीही त्यात येते, म्हणजे सुट्टीवर गेलेल्या नर्सचे रुग्ण तितक्या वेळापुरतेसुद्धा प्रमाण मोडून दुसरीच्या गळ्यात टाकता येत नाहीत.

मोजायचं कोणाला? ड्युटी चार्टवर सहा नावं. त्यातली एक इन्चार्ज, एक नव्याने रुजू होऊन शिकत असलेली, एक रुग्णाला घेऊन स्कॅनला गेलेली. फ्लोअरवर उरल्या तीन. व्याख्येतच लिहा : "प्रत्यक्ष रुग्णसेवा सोपवलेली नोंदणीकृत नर्स". आणि पुढे स्पष्ट वगळा : इन्चार्ज, विद्यार्थिनी, प्रशिक्षण काळातली नवी नर्स, मदतनीस. कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या नर्स मोजायच्या असतील तर त्यांचा वाटा कितीपर्यंत, हेही आकड्यात लिहा.

पूर्णांक. २१ रुग्ण भागिले ४ म्हणजे सव्वापाच. मग नर्स ५ की ६? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या २०१५ च्या कायद्यात अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक खाली ओढायची सोय होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली. एका वाक्याचं काम आहे : "अपूर्णांक आल्यास पुढील पूर्णांक धरावा." आजच लिहा.

रुग्ण कधी मोजायचे? मध्यरात्रीचा सेन्सस (वॉर्डातली रुग्णगणना) धरला तर सकाळी डिस्चार्ज झालेला आणि त्याच खाटेवर दुपारी भरती झालेला असे दोन रुग्ण एकच दिसतात. आणि कामाचा खरा डोंगर भरती-डिस्चार्जमध्येच असतो. ट्रॉलीवर किंवा जमिनीवर गादी टाकून ठेवलेले रुग्णही "खाट" शब्दात बसत नाहीत. खाटा मोजू नका, रुग्ण मोजा.

---

पाळीचं_गणित

वरच्या प्रतिसादातल्या पळवाटांशी सहमत. आकड्यावरच सगळी भिस्त ठेवण्याशी मात्र नाही.

ब्रिटनमधल्या वेल्सने २०१६ च्या कायद्यात आकडा घातलाच नाही, पद्धत घातली. प्रौढांच्या तीव्र आजारांच्या मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांना ती एप्रिल २०१८ पासून लागू झाली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून मुलांच्या वॉर्डांनाही. तीन गोष्टी एकत्र धरून संख्या काढायची : अनुभवी नर्सचा व्यावसायिक निर्णय, रुग्णांच्या आजाराची तीव्रता, आणि नर्सिंग काळजीवर थेट अवलंबून असलेले निर्देशक, म्हणजे रुग्ण पडणं, बेडसोर, औषधातल्या चुका. दर सहा महिन्यांनी पुन्हा हिशोब.

यात फायदा असा की चार रुग्ण आणि चार रुग्ण सारखे नसतात, हे कायदा मान्य करतो. दर तासाला सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) लागणारे दोन आणि उद्या घरी जाणारे दोन, यांचं काम एका फुटपट्टीने मोजता येत नाही. निव्वळ आकडा असेल तर तोच कमाल होऊन बसतो. "कायद्याने चार आहेत ना, मग चारच" असं म्हणून जड वॉर्डातसुद्धा त्यापुढे एक नर्स मिळत नाही.

तोटाही सांगायला हवा. वेल्सच्या कायद्यात ठरलेली संख्या राखण्यासाठी "सर्व वाजवी पावलं" उचलायची आहेत. जाहिरात दिली, एजन्सीला फोन केला, कोणी मिळालं नाही, एवढ्यावर पावलं झाली. वाजवी म्हणजे काय याची यादी कायद्यातच हवी.

माझं मत : दोन्ही घ्या. परिशिष्टात वॉर्डनिहाय किमान आकडा, आणि कलमात "तीव्रतेनुसार याहून अधिक मनुष्यबळ देणे बंधनकारक". तीव्रतेचा तक्ता कोण भरणार हेही लिहा. तो त्या पाळीच्या नर्सने भरायचा आणि वरिष्ठांनी बदल केल्यास कारणासह सही करायची. नाहीतर आकडा आधी ठरतो आणि तक्ता मागून त्याला जुळवला जातो.

---

पुरावा_हवा

टिपणाला तीन अभ्यास पुरेत. वीस जोडलेत तर एकही वाचला जाणार नाही.

पहिला २००२ सालचा, संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरचा. नर्समागे एक सर्जिकल रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची संभाव्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. दुसरा २०१४ चा, युरोपातल्या नऊ देशांचा. निष्कर्ष जवळपास तोच. इथे फार जणांचं चुकतं : हे ७ टक्के "ऑड्स"मधली (घडण्याच्या आणि न घडण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तरातली) वाढ आहे, शंभरातले सात रुग्ण नव्हेत. "एक रुग्ण वाढला की सात जण दगावतात" असं एकदा टिपणात छापलं गेलं आणि समोरच्याने ते वाचून दाखवलं, की बाकीच्या टिपणावरचा विश्वास तिथेच उडतो. शिवाय हे दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. कायद्यामुळे फरक पडला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून तिसरा सर्वात महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने जुलै २०१६ मध्ये २७ सरकारी रुग्णालयांच्या ठरावीक वॉर्डांत सकाळ-दुपार १:४ आणि रात्री १:७ लागू केलं. संशोधकांनी ती २७ रुग्णालयं, कायदा न लागलेली २८ रुग्णालयं, आधीची स्थिती, नंतरची स्थिती अशी तुलना करून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. मृत्यू, पुन्हा भरती आणि मुक्कामाचे दिवस या तिन्हींत प्रमाण लागलेल्या रुग्णालयांची बाजू सरस ठरली. वाचलेल्या दिवसांची आणि टळलेल्या भरतींची किंमत जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाली. अर्थखात्याच्या माणसासमोर हाच अभ्यास आधी ठेवा.

स्वतःच्या वॉर्डांची नोंदही जोडा. साधा तक्ता : तारीख, पाळी, पाळी सुरू होताना रुग्ण, फ्लोअरवर प्रत्यक्ष नर्स, पाळीतल्या भरती, डिस्चार्ज. सहा आठवडे, तीन पाळ्या, म्हणजे वॉर्डामागे १२६ ओळी. बऱ्या पाळ्याही लिहा. फक्त वाईट दिवस निवडलेला तक्ता लगेच ओळखू येतो. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, निदान, काहीही नको. केसपेपरचे किंवा रजिस्टरचे फोटो तर अजिबात नकोत. गोपनीयतेचा भंग झाला की चर्चा मनुष्यबळावरून हटून तुमच्या चौकशीवर येते.

---

रात्रपाळी

खूप उपयोगी, मनापासून आभार सगळ्यांचे. आता दोन शंका. दंड किती ठेवावा? आणि "एवढ्या नर्स आणायच्या कुठून, खाटा बंद कराव्या लागतील" याला काय उत्तर द्यायचं?

---

कलम_पोटकलम

दोन्ही शंकांना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं उदाहरण लागू पडतं. तिथे २०१८ च्या नोव्हेंबरात हा विषय थेट मतदानाला गेला आणि सुमारे ७० टक्के मतं विरोधात पडली. प्रस्तावात दंड होता उल्लंघनामागे २५,००० डॉलरपर्यंत, आणि अंमल १ जानेवारी २०१९ पासून, म्हणजे मतदानानंतर दोन महिन्यांच्या आत. रुग्णालयांच्या बाजूने प्रचंड पैसा ओतून प्रचार झाला आणि त्याचा गाभा हाच होता : छोटी रुग्णालयं बुडतील, इमर्जन्सीत ताटकळावं लागेल. नर्सेसमध्येही फूट पडली होती. मागणी योग्य असूनही घाईचा मसुदा विरोधकांना आयतं हत्यार देतो, हे त्यातून घ्या.

म्हणून टप्पे पाडा. आयसीयू आणि इमर्जन्सी आधी, मग जनरल वॉर्ड. छोट्या रुग्णालयांना जास्त मुदत. मुदतीच्या तारखा मात्र कायद्यात छापलेल्या हव्यात. "शासन ठरवील त्या दिनांकापासून" हे शब्द आले की तो दिनांक येतोच असं नाही.

दंडापेक्षा उजेड जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या उल्लंघनाला लेखी सुधारणा-योजना, ती न पाळल्यास दंड, वारंवार झाल्यास परवान्याच्या नूतनीकरणात नोंद. आणि वॉर्डाच्या दारावर रोज, पाळीनिहाय फलक : आज रुग्ण इतके, नर्स इतक्या, कायद्याने हव्यात इतक्या. तिसरा आकडा विसरू नका, त्याच्याविना नातेवाइकांना पहिल्या दोनांतून काही कळत नाही.

आणीबाणीची सूट द्यावीच लागेल, पण व्याख्या आवळून. मोठा अपघात, आपत्ती, साथ. "मनुष्यबळाची कमतरता", मंजूर झालेल्या रजा, आधीपासून रिक्त पदं यांना आणीबाणी म्हणता येणार नाही, असं शब्दशः लिहा.

एक कलम बहुतेक मसुद्यांत राहून जातं : तक्रार करणाऱ्या किंवा असुरक्षित संख्या स्वीकारताना लेखी हरकत नोंदवणाऱ्या नर्सवर कारवाई करता येणार नाही. बदली, वाईट गोपनीय अहवाल, नाइट ड्युट्यांचा मारा या सगळ्यांना "कारवाई" म्हटलेलं असू द्या. हे नसेल तर तक्रार करायला कोणी पुढे येत नाही आणि बाकीचा कायदा कपाटात राहतो.

खाटा बंद होण्याबद्दल : पदवी घेऊनही वॉर्डात काम न करणाऱ्या नर्स किती, नोकरी सोडण्याचं प्रमाण किती, हे आकडे मिळवा. नोंदणी असलेल्या आणि कामावर असलेल्या यांच्यातलं अंतर हेच उत्तर आहे. एकेन यांच्या त्याच २००२ च्या अभ्यासात प्रत्येक जादा रुग्णामागे नर्सच्या बर्नआउटची (कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची) संभाव्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ओझं कमी झालं तर माणसं टिकतात, हा मुद्दा लावून धरा.

---

सुई_आणि_सिरिंज

प्रमाणाचं विधेयक लांबेल असं वाटत असेल तर सोबत एक छोटं, टोकदार विधेयकही ठेवा. अमेरिकेत नर्सेसच्या संघटनांनी सुई टोचण्याच्या अपघातांवरचा कायदा २००० साली मंजूर करून घेतला, ६ नोव्हेंबरला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मागण्या मोजक्या : सुरक्षित बनावटीची उपकरणं वापरा, प्रत्येक इजेची नोंदवही ठेवा, आणि उपकरण निवडताना प्रत्यक्ष वापरणाऱ्या, व्यवस्थापनात नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत घ्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २००१ मध्ये अशा इजा सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. यातलं तिसरं कलम माझ्या मते सर्वात मोलाचं. ते कोणत्याही विधेयकात घालता येतं.

---

समितीपुढे

बोलण्याबद्दल थोडं. वेळ बहुधा तीन ते पाच मिनिटं मिळतो. पहिल्या वाक्यात कलमाचा क्रमांक आणि मागणी : "कलम ४ मधील 'शक्यतो' हा शब्द वगळावा." मग कारण, मग वॉर्डातलं एक चित्र, मग पुन्हा मागणी. चित्र नेमकं असू द्या : रात्री दोन वाजता एका खाटेवर रक्त चालू आहे, पहिली पंधरा मिनिटं नर्सने तिथून हलायचं नाही, आणि उरलेल्या सात खाटांपैकी एकीवर बेल वाजते. सदस्यांना "कामाचा ताण" या शब्दांतून काही दिसत नाही, या चित्रातून दिसतं.

संघटनेच्या नावाने बोला, रुग्णालयाच्या नाही. सेवानियमांत परवानगी लागत असेल तर आधी लेखी घ्या, किंवा निवृत्त सहकारी आणि रुग्णांचे नातेवाईक यांना पुढे करा. पगारवाढीची मागणी या सुनावणीत मिसळू नका, तिची जागा वेगळी आहे. सगळ्या पक्षांच्या सदस्यांना तेच टिपण द्या. एकाच पक्षाचं विधेयक म्हणून शिक्का बसला की सरकार बदलल्यावर ते मागे पडतं.

आणि विधेयक मंजूर झालं की संघटनेची समिती बरखास्त करू नका. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, त्याची मुदत थोडी असते आणि तेव्हा बहुतेकांचं लक्ष नसतं. दोन माणसांना राजपत्र नियमित बघण्याचं काम आधीच नेमून द्या, आणि व्याख्या, सूट व नोंदवहीचा नमुना या तीन गोष्टींवरच्या हरकती आधीच लिहून तयार ठेवा.