गावाला आधी रब्बी (ज्यू धर्मगुरू) हवा की शोखेत (धर्मविधीने जनावर कापणारा)? बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) तरुणांसाठी चर्चा

नवगावकर
माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ठाण्या-मुंबईतल्या बेने इस्राएल मुलाने पदवी मिळाली की थेट रब्बीपदाच्या अभ्यासाला बसू नये. आधी शोखेत व्हावं, सोबत हज्जानकी, म्हणजे प्रार्थना चालवणं, शिकावी.

2011च्या जनगणनेत देशभरात मिळून पाच हजार ज्यूही भरले नाहीत. कोकणात आपले लोक शतकानुशतकं रब्बीशिवाय राहिले, आपल्याच समाजातल्या काझींनी लग्नं लावली. 1796 साली दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं, तेव्हाही आपला असा रब्बी नव्हता. प्रार्थनेला लागतात 10 पुरुष आणि नीट वाचणारा एक जण. लग्नाला लागतो केतुबा (विवाहाचा करारनामा) आणि दोन पात्र साक्षीदार. रब्बी नसला म्हणून यातलं काही अडत नाही. शोखेत नसला की मात्र घरात कोंबडीसुद्धा शिजत नाही.

हे कामही सोपं नाही. सुरी नखावर आणि बोटाच्या मांसावर फिरवून धारेच्या तिन्ही बाजू तपासायच्या. नख अडकेल एवढीही खाच चालत नाही, कारण खाचेने गळ्यातली नळी चिरत नाही, फाटते, आणि जनावर बाद होतं. कापताना हात थांबला, सुरी दाबली गेली, ती कातडीखाली लपली, नेमल्या जागेच्या वर-खाली गेली किंवा नळी मुळातून उपटली, तरी तेच. सगळ्यात जास्त वेळ खाते ती धार लावणं. नवशिके तिथेच कंटाळतात.

तालमुदी
काका, शोखेत हवा हे मान्य. पण कापायचं कसं हे शोखेत सांगतो, संशय आला तर खायचं की टाकायचं हे कोण सांगणार? मांस आणि दूध एकत्र आपल्याला चालत नाही. समजा, मटणाच्या हंडीत चमचाभर दूध सांडलं. 10 मिलि धरलं, तर हंडीत 600 मिलि ऐवज हवा, कारण प्रमाण साठास एक. पण ही झाली वरवरची गोष्ट. दूध रश्शात पडलं की रश्शाबाहेर आलेल्या तुकड्यावर, लगेच ढवळलं की नाही, झाकण होतं की नाही, यावर उत्तर बदलतं.

आपल्याच रश्शाचं घ्या. मटणात नारळाचं दूध घालतो, ते दूधच नव्हे, म्हणून प्रश्न मिटला असं आपण समजतो. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या योरे देआ भागात 87व्या प्रकरणावर रमा या टीकाकार रब्बींची टीप आहे: मटणात बदामाचं दूध घातलं तर शेजारी बदाम ठेवावेत, पाहणाऱ्याला खरं दूध वाटू नये म्हणून. मग पानात खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा का? जिथे पोरासोरांनाही रस्सा नारळाचा असतो हे ठाऊक आहे तिथे गरज नाही, असा युक्तिवाद करता येतो. करायला शिकलेला माणूस मात्र लागतो. दर वेळी जेरुसलेमला फोन लावायचा का?

पेणचा पाहुणा
दाखला बरोबर आहे, पण रमा क्राकोवचे, अश्कनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रीतीचे. आपली रीत सेफार्दी, मूळ स्पेनच्या ज्यूंची. चुकीच्या येशिवात (धर्मशाळेत) गेलेला मुलगा नेमका इथे फसतो. न्यूयॉर्कच्या अश्कनाझी येशिवात शिकून आला की पेसाहात, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीच्या सणात, भात आणि डाळ बंद करायला निघेल. आपल्याकडे पेसाहात भात चालतो. शिकवणारे कोणत्या रीतीचे, हे फीच्या आधी विचारा.

दुसरी अडचण भाषेची. सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) घडाघडा वाचता येतो म्हणून मुलं निर्धास्त असतात. सिद्दूरला स्वरचिन्हं असतात, बऱ्याच प्रतींत शेजारी मराठीही असतं. शुल्हान आरूखच्या नेहमीच्या प्रतीत स्वरचिन्हं नाहीत, कडेच्या टीकांना राशी लिपी (हिब्रूचं वेगळं वळण), आणि मागे जाऊन तालमूद हा मूळ धर्मचर्चेचा ग्रंथ उघडावा तर भाषा आरामी. इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे तिथल्या सरकारमान्य धर्मपीठाच्या, परीक्षेत शब्बाथ, इस्सूर-वे-हेतेर (काय खायचं, काय नाही), निद्दा (पाळीचे नियम), मिकवा (शुद्धीस्नानाचा हौद), शोक आणि विवाह असे वेगवेगळे पेपर आहेत, सगळे हिब्रूत. निर्णय घेण्याआधी 87वं प्रकरण, त्यामागचं ‘बेत योसेफ’ हे भाष्य आणि मूळ गेमारा (तालमूदातली चर्चा) कोणाच्या मदतीशिवाय वाचून पाहा. महिनाभरात उलगडलं नाही तर आधी भाषा, रब्बीपद नंतर.

झिराडची लेक
तुम्ही सगळे ‘मुलगा, मुलगा’च करताय. 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढली ती डॉ. जेरुशा झिराड यांनी, विसरलात? अमेरिकेच्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथाच्या हिब्रू युनियन कॉलेजात बाईला रब्बी होता येतं. 1972 साली सॅली प्रीसँड तिथूनच रब्बी झाल्या. पदवीनंतर पाच वर्षांचा अभ्यास, आणि त्यात समुपदेशन, इस्पितळातली सेवा, प्रवचन हेही येतं. इथल्या म्हाताऱ्या माणसांना साठास एकपेक्षा त्याचीच गरज जास्त आहे.

तालमुदी
ताई, शिक्षण चांगलंच आहे, पण अडचण शिक्क्याची, म्हणजे मान्यतेची, आहे. आपले बहुतेक नातलग इस्राएलात आहेत आणि तिथे ज्यूंची लग्नं मुख्य रब्बीनेटकडेच लागतात. रिफॉर्म रब्बीची सही तिथे चालत नाही. 60च्या दशकात त्याच रब्बीनेटने बेने इस्राएलांच्या लग्नांवरच शंका घेतली होती, 1964मध्ये लोकांना आंदोलन करावं लागलं. कागद कमकुवत ठेवणं आपल्याला परवडत नाही.

झिराडची लेक
आंदोलन त्याच रब्बीनेटविरुद्ध होतं ना? मग त्याच्याच शिक्क्यासाठी एवढी धडपड कशाला?

नवगावकर
मूळ मुद्द्याला अजून कोणी हात घातलेला नाही. नेहमीच्या सेमिखाने (रब्बीपदाच्या दीक्षेने) गेटचा, म्हणजे घटस्फोटपत्र देण्याचा, अधिकार मिळत नाही. घटस्फोटाच्या त्या 12 ओळींत गावाचं आणि माणसाचं नाव एका अक्षराने चुकलं तर बाई अडकून पडते, तिला दुसरं लग्न करता येत नाही. ती विद्या वेगळी, त्यासाठी पुन्हा काही वर्षं. एवढं सगळं शिकलेला माणूस इथे परत येईल कशासाठी? सिनेगॉगच्या ट्रस्टकडे पूर्ण पगार द्यायला पैसा कुठे आहे?

पेणचा पाहुणा
मग उलट्या बाजूने या. ट्रस्टने आधी मिकवा बांधावा, आपल्याकडे पावसाला तोटा नाही. छतावरचं पाणी उताराने थेट जमिनीतल्या हौदात उतरू द्या, 40 सेआ (जुनं माप) भरेपर्यंत. मध्ये सिंटेक्सची टाकी ठेवलीत की ते ओढलेलं, म्हणजे भांड्यातून आलेलं, पाणी ठरतं. 40 सेआ भरण्याआधी असं तीन ‘लोग’ (हेही जुनं माप), म्हणजे लिटरभर पाणी पडलं तरी हौद बाद. नेमका हाच घोटाळा प्लंबर करतो, आणि नकाशा तपासायला कोणीतरी शिकलेला लागतोच. तेव्हा शोखेतचा खर्च ट्रस्टने उचलावा, बदल्यात पाच वर्षं इथे काम करण्याचा करार घ्यावा. त्यातला जो टिकेल त्यालाच पुढे सेमिखाला पाठवा.

तालमुदी
करार चालेल. पण पाच वर्षं सुरी धरलेल्या माणसाला तिशीनंतर आरामी शिकायला बसवणार का? वीस-बाविसाव्या वर्षीच पाठवा, सुरी तो तिथेही शिकेल.