अनुभव धागा : छोटी एसयूव्ही – नवी घेतलीत की वापरलेली?

नमस्कार मंडळी. आमची २०१२ची हॅचबॅक आता थकली. पुण्यात मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पाटण तालुक्यात गावी आई-बाबा. महिन्यातून दोनदा जाणं-येणं असतं, शेवटचे चार किलोमीटर खडी उखडलेला रस्ता आहे आणि बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. म्हणून चार मीटरच्या आतली, थोडी उंच गाडी हवी, एवढं नक्की. साडेदहा लाखांच्या वर जायचं नाही. तेवढ्यात नवी घेतली तर मधलं मॉडेल मिळतं, तीन-चार वर्षं वापरलेली घेतली तर टॉपचं.

दोन महिने व्हिडिओ पाहिले. त्यांतली गाडी कालच शोरूममधून निघालेली असते. मला ती तीन पावसाळ्यांनंतर कशी चालते ते ऐकायचंय. म्हणून सल्ल्यापेक्षा तुमची स्वतःची हकीकत लिहा: काय घेतलं, काय बघायचं राहून गेलं. त्रास झाला असेल तर कंपनीचं किंवा डीलरचं नाव न घेता सांगा.

डोंबिवलीहून

मी वापरलेली घ्यायला निघालो होतो आणि नवी घेतली. २०२२ची पेट्रोल गाडी, ८ लाख ६० हजारांना सौदा ठरत आला होता. तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर आधी २८ टक्के आणि वर उपकर होता, तो सरळ १८ टक्के झाला. नवीची किंमत उतरली, पण विकणारा त्याच्या आकड्यावरून हलेना.

मग हिशोब मांडला. वापरलेल्या गाडीला बँक साडेबारा टक्के व्याज मागत होती, नवीला ८.९. पाच वर्षांसाठी जुनीच्या सहा लाखांचा हप्ता साडेतेरा हजार, नवीच्या सात लाखांचा साडेचौदा. नवीला पदरचे सव्वा लाख जास्त गेले. त्या बदल्यात वॉरंटी, कोरे टायर आणि रात्रीची झोप. तुम्ही रोख घेणार असाल तर हे गणित बदलतं. आणि इंजिनाचा आकडा नक्की बघा. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आतच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्के जीएसटीच्या गटात बसते.

चिपळूणहून

वापरलेली घेणार असाल तर माझं थोडं सविस्तर ऐका.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची गाडी गल्लीतच होती. काढायला वेळच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर चिखल खरवडून दार उघडलं, तर सीटवर गाळाचा थर होता. चालू करायचा प्रयत्न केला नाही, हे एक बरं केलं. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. विम्यात पूर्ण नुकसान धरलं, पैसे मिळाले, गाडी उचलून नेली. अशा गाड्या लिलावात जातात, तिथून धुऊन, सीटकव्हर घालून दूरच्या शहरात उभ्या राहतात, हे मला पुढे स्वतः गाडी शोधताना कळलं.

पुण्यात एक गाडी पाहिली. एकच मालक, ३१ हजार किलोमीटर, आतून बाहेरून चकचकीत. माझ्या मिस्टरांना पसंत पडली. मी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा हातभर भाग काळा, त्याच्याखाली मातकट आणि काठाला वाळलेल्या गाळाची बारीक रेघ. ती रेघ मी ओळखते. घरातल्या प्रत्येक कपाटावर पाहिली आहे.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचीही गाडी बघायला गेले की पट्टे ओढते, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात घालते, सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या स्क्रूंवर गंज आहे का बघते. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर बोलणी तिथेच थांबवते. जास्त सुगंधी फवारा मारलेल्या गाडीची काच बंद करून दहा मिनिटं आत बसते, मग खालचा वास वर येतो. पुराच्या गाडीत आज काही बिघडलेलं नसतं. दीड वर्षाने एकेक सेन्सर जातो आणि कुणालाच कारण सापडत नाही.

सांगली, स्वतःचं गॅरेज

वरच्या ताईंनी लिहिलं ते सगळं खरं आहे. २०१९च्या पुरानंतर आमच्याकडे अशा गाड्या रांगेनं उभ्या होत्या.

माझ्याकडून थोडी भर. बॉनेटच्या आणि पुढच्या फेंडरच्या बोल्टवर पान्याचा ओरखडा असेल तर ते पत्रे एकदा उतरवलेत, का ते विचारा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. गाडी २०१९ची, मीटर २८ हजार आणि टायर २०२३चे, तर टायर का बदलावे लागले? मीटर मागे फिरवणं सोपं आहे, पण क्लच-ब्रेकच्या पेडलांची रबरं, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड फिरवता येत नाही. गाडी बघायला सकाळी जा, त्यांनी आधी चालू करून ठेवू नये असं सांगून जा. थंड इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट आवाज ऐका, धूर बघा. तापलेली गाडी लपवाछपवी करते.

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर एअरबॅग फुटून गेलीय आणि दिव्याची वायर काढलीय असं समजून पुढं चला. १,५०० रुपये देऊन तुमच्या ओळखीचा मिस्त्री न्या, त्यांचा नको.

धागाकर्ता

चिपळूणच्या ताई, मनापासून आभार. उद्या दोन गाड्या बघायच्या आहेत, पट्टे ओढूनच येतो. डिझेलचा अनुभव कुणाला आहे का? ॲव्हरेज ऐकून मोह होतोय.

ठाण्याहून

मलाही तोच मोह झाला होता. २०२१ची डिझेल, वापरलेली. ऑफिस साडेचार किलोमीटरवर. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती जाळी तापून काजळी जाळायला गाडी थोडा वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. घोडबंदरच्या कोंडीत ते कधीच होत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात दिवा लागला, पाचव्यात गाडी जोर धरेना. आता दर रविवारी पहाटे हायवेला चाळीस मिनिटं फिरवून आणतो. गाडी उत्तम आहे, माझ्या कामाची नव्हती. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याने घ्यावी.

रत्नागिरी, शिक्षिका

पाटण म्हटलंत म्हणजे चिपळूणकडे उतरायला कुंभार्ली घाट आलाच. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती घेऊ नका. मी आंबा घाटात घेतली, चार माणसं बसवून आणि एसी चालू ठेवून. विक्रेता कुरकुरला, पण आला.

दोन गाड्या तशा चालवल्या. एक लिटरची तीन सिलिंडर टर्बो सपाटीवर अगदी भरारी घेत होती, पण वळणावर वेग उतरला की क्षणभर दम खायची आणि मग एकदम ओढायची. मला दुसरा गिअर सांभाळावा लागला. टर्बो नसलेलं दीड लिटरचं इंजिन शांत, त्याला चढणीला दाबावं लागतं, पण पाय जेवढा दाबाल तेवढंच मिळतं. मी तेच घेतलं, वापरलेलं, २०२०चं. माझ्या भावाला मात्र टर्बोच आवडते आणि तो ती माझ्यापेक्षा छान चालवतो. घाटात चालवून तुम्हाला काय वाटतं, तेच धरा.

पणजीहून

गोव्यात ऑक्टोबरनंतर कमी चाललेल्या, छान गाड्या स्वस्तात दिसतात. त्यांतल्या काही भाड्याने दिलेल्या असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नंतर ती खाजगी करून पांढरी पाटी लावली की ओळखू येत नाही. वाहन पोर्टलवर नंबर घालून जुनी नोंद आणि विम्याचे जुने कागद बघा. महिन्याला वीस वेगवेगळे ड्रायव्हर, तेही चोर्ला घाटात अर्ध्या क्लचवर. माझ्या चुलतभावाला चौथ्याच महिन्यात क्लचप्लेट बदलावी लागली.

नागपूरहून

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते ते आधी समजून घ्या. तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा लावली होती, म्हणून लोक आधीच काढून टाकायचे. मी २०१८ची आणली. दीड लाख वाचले असं वाटलं. मग तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा रस्ता कर, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, पासिंग. साडेतीन महिने गाडी अंगणात उभी. वाचलेल्यातले लाखभर तिथेच गेले. महाराष्ट्रातलीच घ्या, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर काम होतं. आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, तेवढा फरक आपल्याला भरावा लागतो.

न्यू जर्सीहून

इथे आरएव्ही-४ आणि सीआर-व्हीला लोक कॉम्पॅक्ट म्हणतात, दोन्ही साडेचार मीटरच्या पुढच्या. इथली भीती मिठाची. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी वरून नवी आणि खालून खाल्लेली. व्हीआयएन म्हणजे गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक टाकून अपघाताचा अहवाल मिळतो, पण गंज त्यात येत नाही. मी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीलाही हे लागू पडावं.

पिंपरीहून

सीएनजीबद्दल कुणी लिहिलं नाही. वापरलेली घेणार असाल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का बघा, विम्यातही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. पुढे डिकीचा प्रश्न. टाटाच्या पंचमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, म्हणून बॅगा मावतात. एका मोठ्या सिलिंडरच्या गाडीत बाबांचा वॉकर कुठे ठेवणार?

सातारा, निवृत्त

माझंही गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून लिहितो. उंच गाडी म्हणजे सोयीची असं नाही. सीट कंबरेच्या पातळीला हवी, म्हणजे वळून बसलं की झालं. त्याहून उंच असली की पाय उचलावा लागतो आणि नेमकं तेच दुखतं. दाराचा उंबरठा रुंद असेल तर उतरताना पाय लांब टाकावा लागतो, पावसात तिथे घसरायची भीती. दार काटकोनाजवळ उघडतं का, धरायला कडी आहे का, बघा. आमच्या मुलाने बघायला पाच गाड्या निवडल्या होत्या. मी प्रत्येकीत तीनदा चढलो-उतरलो आणि तीन बाद केल्या. तुमच्या वडिलांना घेऊन जा. ते नको म्हणतील, तरी घेऊन जा.

धागाकर्ता

बाबा खरंच नको म्हणाले. तरी कराडला घेऊन गेलो.

पहिली वापरलेली होती, २०२१ची, टॉप मॉडेल. पट्टे स्वच्छ, स्टेपनीचा खळगा कोरडा. टायर मात्र पुढचे दोनच नवे आणि उजव्या फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा. विचारल्यावर मालक खरं बोलला, दुभाजकाला घासली होती, बिलं दाखवली. गाडी मला पटली. बाबा बसले छान, पण उतरताना उंबरठ्यावर अडखळले आणि दाराला धरून थोडा वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत.

दुसरी नवी, मधलं मॉडेल. टच स्क्रीन लहान, सनरूफ नाही, मागे एसीचा झोत आहे. बाबा आपले आपण बसले, आपले आपण उतरले, परत बसले आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मार." कुंभार्लीपर्यंत गेलो. रत्नागिरीच्या ताई, चढणीला दुसऱ्या गिअरवर चारही जण घेऊन आली, कुरकुर नाही. मुलीला सनरूफ हवं होतं, ती थोडी रुसली आहे.

काल पंचवीस हजार भरून नवीचं बुकिंग केलं. सहा आठवडे सांगितलेत. हप्त्याचा तक्ता डोंबिवलीकरांच्या पद्धतीने मांडला, साडेदहाच्या आत बसतंय. पहिल्या पावसाळ्यानंतर इथेच लिहीन, खडीच्या चार किलोमीटरांसकट.